धुरा, विहीर आणि पऱ्हाटी: गावच्या शाळेत पर्यावरण मोजून कसं शिकवावं

पर्यावरण हा सक्तीचा विषय असावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. आज तिसरी ते पाचवीला परिसर अभ्यास आहे, पुढे विज्ञानात विखुरलेले धडे आहेत, नववी-दहावीला जलसुरक्षा आहे. तरी बहुतेक शाळांत हा विषय घोषवाक्यं, रांगोळी आणि जुलैतलं वृक्षारोपण यापुढे सरकत नाही. त्यात मुलांचा दोष नाही. शेतकऱ्याच्या पोराला 'पाणी हे जीवन आहे' हे सांगावं लागत नाही. आपल्या गावावर पाऊस किती पडतो, त्यातला किती मुरतो आणि उरलेला कुठे जातो, हे मात्र त्याला कुणी मोजायला लावलेलं नसतं.

खालची पद्धत सहावी ते आठवीसाठी आहे. साहित्य बहुतेक भंगारातलं. अट एकच: जागा ठरवली की वर्षभर तीच, माप ठरवलं की वर्षभर तेच. दर महिन्याला नवा उपक्रम घेणाऱ्या शाळेकडे मार्चअखेर फोटो असतात, आकडे नसतात.

पाऊस: सुरुवात इथून

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी भरते, तोवर मिरगाचा पाऊस येऊन गेलेला असतो. म्हणून पर्जन्यमापक मे महिन्यातच बसवा आणि शाळेजवळ राहणाऱ्या दोन मुलांवर नोंदीची जबाबदारी टाका.

दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्या. जिथे सरळ भाग संपून मान निमुळती होते तिथे कापा आणि वरचा तुकडा उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. बाटलीचा तळ पाकळ्यापाकळ्यांचा असतो, त्यामुळे तळापासून पट्टी लावून वाचलं तर पहिले २-३ सेंटिमीटर चुकतात. यावर उपाय म्हणजे आकारमान मोजणं. कापलेल्या तोंडाचा आतला व्यास मोजा. तो ११ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ९५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ९.५ मिलिलिटर पाणी बरोबर १ मिलिमीटर पाऊस. पाणी औषधाच्या मापाने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने मोजायचं आणि ९.५ ने भागायचं. वर्तुळाचं क्षेत्रफळ कशासाठी शिकायचं, हे मुलांना इथे कळतं.

मापक उघड्यावर ठेवा. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. तोंड जमिनीपासून फूटभर तरी वर हवं, नाहीतर उडालेले शिंतोडे आत जातात. बाटली वाऱ्याने पडते, तेव्हा विटांच्या चौकटीत रोवा. वाचन रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खात्याचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. शाळा साडेदहाला भरल्यावर नोंद केली तर तुमचा आकडा कुणाच्याच आकड्याशी जुळणार नाही. रविवारी चुकलेली नोंद सोमवारी 'दोन दिवसांची मिळून' अशीच लिहा, अर्धी-अर्धी वाटू नका.

महसूल मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. मंडळाचा आकडा आणि शाळेचा आकडा शेजारी शेजारी लिहायला लावा. चार कोसांवर पाऊस किती बदलतो हे दोन महिन्यांत दिसतं. शाळेचा आकडा सरकारी कामाला चालत नाही, हेही मुलांना आधीच सांगून ठेवा.

जमीन: पाणी मुरतं की वाहतं

दोन्ही तोंडं उघडी असलेला पत्र्याचा डबा लागेल, व्यास साधारण १५ सेंटिमीटर. त्यावर फळी ठेवून हातोडीने ५ सेंटिमीटर जमिनीत ठोका आणि कडेची माती बाहेरून दाबून घ्या, नाहीतर पाणी बुडाखालून निसटतं. आत तळाला एक पान ठेवून त्यावर ४४० मिलिलिटर पाणी हळू ओता. या व्यासाच्या डब्यात हे अडीच सेंटिमीटर पाणी होतं. ते मुरायला लागलेला वेळ लिहा. पाणी संपल्याबरोबर तेवढंच परत ओता आणि पुन्हा वेळ घ्या. खरा आकडा दुसऱ्या वेळचा.

काळ्या जमिनीत याची फार गरज आहे. मे महिन्यात तिला भेगा पडलेल्या असतात. पहिलं पाणी भेगेतून सरळ खाली जातं आणि 'आपल्या जमिनीत पाणी मस्त मुरतं' असा निष्कर्ष मुलं काढून मोकळी होतात. ओल लागली की ही चिकणमाती फुगते, भेगा मिटतात आणि मुरणं एकदम मंदावतं. जुलैत त्याच जागी त्याच डब्याने पुन्हा माप घ्या. त्या दोन आकड्यांमधल्या फरकातच काळ्या जमिनीचा स्वभाव कळतो.

जागा चार घ्या: शाळेचं मैदान, कडुनिंबाखालची पालापाचोळ्याची जमीन, वखरलेलं वावर आणि बरड (हलकी, मुरमाड जमीन). मैदान बहुतेक वेळा सगळ्यांत मागे पडतं, कारण पायांनी माती दबून तिच्यातल्या पोकळ्या गेलेल्या असतात. या एका निरीक्षणावरून चराई, ट्रॅक्टरचं चाक, पाचोळा जाळणं असं पुढचं बरंच बोलता येतं.

विहीर

विहिरीचं माप शिक्षकानेच घ्यायचं. मुलं कठड्यापासून दोन हात दूर राहून नोंद करतील. नायलॉनची दोरी घ्या. सुती दोरी ओली झाली की लांबी बदलते. दर मीटरला रंगीत चिंधी बांधा, टोकाला वजन. कठड्यावर ऑइलपेंटची खूण करून दर वेळी तिथूनच दोरी सोडा.

चूक बहुतेक वेळेच्या बाबतीत होते. मोटर चालून गेलेल्या विहिरीची पातळी खाली गेलेली असते आणि शेतीची थ्री फेज लाइन कधी दिवसा, कधी रात्री असते. त्यामुळे 'सकाळी मोजतो' एवढ्याने भागत नाही. वापरात नसलेली जुनी विहीर मिळाली तर उत्तम. नसेल तर आदल्या रात्री मोटर चालली का, हे विचारून नोंदीपुढे लिहा. पंधरा दिवसांतून एकदा माप पुरतं. पावसाच्या आणि पातळीच्या रेघा एकाच आलेखावर काढल्या की दिसतं: चांगला पाऊस होऊनही विहीर लगेच चढत नाही. आधी वरची माती भिजते, मग खालच्या खडकातल्या फटींकडे पाणी सरकतं.

आता हिशेब. तो फळ्यावर मुलांकडूनच करून घ्या. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. गावाचं क्षेत्र ५०० हेक्टर धरलं तर १ मिलिमीटरला ५० लाख लिटर. गावात हजार माणसं आणि माणशी रोज ५५ लिटर (नळयोजनांचं माप हेच असतं), तर वर्षाला सुमारे २ कोटी लिटर. म्हणजे सगळ्या गावाचं वर्षभराचं घरगुती पाणी ४ मिलिमीटर पावसात येतं. एवढं झाल्यावर विचारा: मग एप्रिलमध्ये विहिरी का आटतात? लगेच उत्तर देऊ नका, एक आठवडा जाऊ द्या. मुलं वाहून जाणं, वाफ होणं, पिकाने पिणं हे स्वतः शोधून आणतात.

नंतर दुसरा हिशेब द्या. एका एकरात ५ सेंटिमीटर पाणी उभं केलं तर ते २ लाख लिटर, म्हणजे वरच्या हिशेबाने दहा माणसांचं वर्षाचं पाणी. गव्हाला, संत्र्याला अशा पाण्याच्या पाळ्या किती द्याव्या लागतात हे मुलांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात बोअर खोल का जात राहिले, हे इथे न सांगता समजतं. शाश्वत विकासाची व्याख्या पाठ करून घेण्याआधी हा हिशेब झालेला बरा. संत्रा नको असं यातून शिकवायचं नाही. संत्र्यावर घर चालतं. ठिबकने तेच झाड किती पाण्यात निभतं, हा पुढचा प्रश्न.

पऱ्हाटीवरचे किडे

अन्नसाखळी शिकवताना पुस्तकात वाघ आणि हरिण असतात. कापूसपट्ट्यातल्या मुलाला ती पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) एका पानामागे दाखवता येते.

त्याआधी एक सक्त नियम. फवारणी कधी आणि कशाची झाली, हे शेतमालकाला विचारल्याशिवाय वावरात पाय ठेवायचा नाही. आठवडा उलटला नसेल तर त्या दिवशीचा वर्ग धुऱ्यापुरता (बांधापुरता). यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण वाचायला शिकवणं हा याच धड्याचा भाग आहे. लाल सगळ्यांत विषारी. रिकामे डबे पाणी मोजायला, रोपं लावायला किंवा कशालाही आणायचे नाहीत. मुलं ते हमखास आणतात.

सकाळी लवकर जा. वावरात तिरपं चालत २० झाडं घ्या, प्रत्येकाचं वरचं, मधलं आणि खालचं पान. पान तोडू नका, हळूच उलटवा. मोजायच्या त्या पानाचा रस शोषणाऱ्या दोन किडी, तुडतुडे आणि मावा. तुडतुडे तिरपे पळतात, म्हणून ते आधी मोजा, मावा नंतर. साठ पानांची सरासरी काढा. पानामागे मावा १० च्या आसपास किंवा तुडतुडे २-३ असतील तर नुकसानीची पातळी आली असं कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था मानते. त्याखाली फवारणीचा खर्च वाया जातो.

त्याच पानांवर मित्रकीटक, म्हणजे या किडींना खाणारे किडे, मोजा. ढालकिडा सगळे ओळखतात, त्याची अळी कुणी ओळखत नाही. ती काळपट, लांबट, काटेरी अंगाची, नारिंगी ठिपक्यांची आणि चपळ असते. 'ही कोणती नवीन कीड' म्हणून ती चिरडली जाते. क्रायसोपा हा दुसरा मित्रकीटक; त्याची अंडी पानावर केसाएवढ्या बारीक दांडीच्या टोकाला एकेकटी उभी असतात. भिंगातून ती एकदा पाहिलेलं मूल पुढे नुसत्या डोळ्यांनीही ओळखतं.

मग बाटलीतला प्रयोग. न फवारलेल्या झाडाची, माव्याने भरलेली दोन पानं घ्या. दोन्हींवरचा मावा मोजून ५० ठेवा, जास्तीचा बारीक ब्रशने काढा. पानांचे देठ ओल्या कापसात गुंडाळून दोन रुंद तोंडाच्या बाटल्यांत ठेवा. एका बाटलीत ढालकिड्याची मोठी अळी सोडा, दुसरीत काही नाही. तोंडाला मलमलचं फडकं. चोवीस तासांनी पुन्हा मोजा. दुसरी बाटली टाळू नका: मावा आपोआपही मरतो, पिल्लंही घालतो. नुसत्या पहिल्या बाटलीवरून 'अळीने इतका खाल्ला' असं म्हणता येत नाही. अळी मेली तर बहुधा पानावर औषधाचा अंश होता. मुलांना तीही नोंद करू द्या.

ऑगस्टनंतर डोमकळी शोधायला लावा. पाकळ्या चिकटून न उमललेलं फूल, आत गुलाबी बोंडअळी. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाच्या गोळीने नर पतंग ओढणाऱ्या) सलग तीन रात्री रोज ८ पतंग आले तर पातळी ओलांडली. सापळ्याची गोळी हाताळताना हात स्वच्छ हवेत, आणि तिची मुदत पाकिटावर पाहून वेळेत बदलावी; जुन्या गोळीच्या सापळ्यात पतंग येत नाहीत आणि कीड नाही असा गैरसमज होतो.

धुऱ्यावरचा चौरस

चार मीटर सुतळीला दर मीटरला गाठ, चार खुंट्या: एक चौरस मीटर तयार. जागा मुलांना निवडू दिली तर ती हिरवीगार जागा निवडतात. म्हणून १ ते ५० आकड्यांच्या चिठ्ठ्या करा, निघेल तितकी पावलं चालून तिथेच चौकट टाका. धुऱ्यावर दहा, सोयाबीनच्या वावरात दहा. प्रत्येक चौकटीत किती जातीच्या वनस्पती आणि प्रत्येकीची किती झाडं, हे लिहा. नवीन जाती सापडणं बंद झालं की चौकटी पुरे झाल्या.

नाव माहीत नसेल तर 'अ-१', 'अ-२' असा नंबर द्या, नमुना वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि आजीला किंवा गुराख्याला दाखवा. तरोटा हे तण की भाजी, यावरून वर्गात चांगला वाद होतो. गाजरगवत फुलावर असताना उघड्या हातांनी उपटायचं नाही. अंगाला खाज सुटते, दम्याच्या मुलाला त्रास होतो.

मातीतलं जिवंतपण

मांजरपाटाचे १० × १० सेंटिमीटरचे तुकडे खळ जाईपर्यंत धुऊन वाळवा. कापड शंभर टक्के सुती आहे का, हे धागा जाळून बघा: सुताची राख होते, पॉलिस्टरची कडक गोळी. जुलैत दहा सेंटिमीटर खोल पुरा: धुऱ्यात, वावरात, निंबाखाली, मैदानात. प्रत्येकाला नायलॉनचा दोरा बांधून टोक वर खुंटीला. हे केलं नाही तर तुकडा परत सापडणार नाही, ही अगदी खात्रीची गोष्ट. साठ दिवसांनी काढा, पाण्याने अलगद धुवा, शंभर चौकोनांच्या कागदावर पसरा. जितके चौकोन उघडे, तितके टक्के कापड कुजलं.

पाणी साचलेल्या काळ्या मातीत तुकडा जवळपास जसाच्या तसा निघू शकतो, कारण हवा नसते. आणि उधईने (वाळवीने) खाल्लेलं कापड कुजलेल्यात धरू नका. उधई कडेने साफ कुरतडते आणि मातीचा थर मागे ठेवते; बुरशीने कुजलेल्यावर काळे-हिरवे डाग असतात आणि ते बोटाने ओढलं की तुटतं.

याला जोडून खत. नाडेप पद्धत विदर्भातलीच. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ओळखली जाते. मूळ टाकं १२ × ५ × ३ फुटांचं, भिंतीत हवेसाठी भोकं. शाळेला त्याचा दहावा हिस्सा पुरतो: ३ × ३ × २ फूट, विटा एकेक सोडून रचलेल्या. साधारण १४० किलो काडीकचरा, १० किलो शेण, १७५ किलो चाळलेली माती, दीडशे-दोनशे लिटर पाणी. थर असे: कचरा, त्यावर शेणकाला, त्यावर माती. शेवटी वरून शेणमातीने लिंपायचं. तीन-चार महिन्यांत खत होतं, पण टाकं लहान असल्यामुळे ऊब टिकत नाही आणि वेळ थोडा वाढतो. पऱ्हाटी अख्खी घातली तर वर्षभर तशीच राहते, बोटभर तुकडे करा. पोषण आहाराचा उरलेला भात जास्त झाला तर वास सुटतो आणि उंदीर येतात. भाजीची देठं-सालं चालतील.

जंगलाकडची गावं

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीत विषय बदला. कापसाऐवजी धानाची बांधी, विहिरीऐवजी मामा (माजी मालगुजारी) तलाव. तलावाच्या काठाकाठाने ५० पावलांवर थांबत बेशरमाची झुडपं किती पसरली आणि पाणवनस्पती कुठे उरल्या, याचा नकाशा काढा. मार्च-एप्रिलमध्ये मोहाचं झाड घ्या. फुलं नीट दिसावीत म्हणून खालचा पाचोळा जाळला जातो आणि तीच आग जंगलात पसरते. एका झाडाखाली पाचोळा झाडून जाळी अंथरा, दुसऱ्याखाली नेहमीसारखी वेचणी. दोन्हीकडे वेचायला लागलेला वेळ आणि फुलांचं वजन मोजा. जाळी महाग पडते का, हा खरा प्रश्न आहे आणि मुलांनी तो आकड्यांत सोडवावा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क २००९ साली मिळाला. जंगल कुणी, कसं राखायचं, हे लोकांनी बसून ठरवण्याचं उदाहरण इतकं जवळ आहे. अशा गावांत पहाटे आणि संध्याकाळी वर्ग जंगलाकाठी नेऊ नका, आणि जाण्याआधी वनरक्षकाला कळवा. ढग गडगडायला लागले तर कुठल्याही गावात वर्ग झाडाखालून लगेच पक्क्या छपराखाली.

आकडे गावापुढे

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला असतात. २६ जानेवारी या कामाला सोयीची: पावसाळ्याच्या नोंदी पूर्ण असतात आणि उन्हाळ्याच्या पाण्याचं ठरवायला वेळ असतो. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी (पूर्वीचे ग्रामसेवक) आधी बोलून दहा मिनिटं मागा. दोन आलेख आणि एक मागणी, इतकंच. 'मैदानाच्या उताराला चर खणून द्या' अशी मागणी मंजूर होऊ शकते, 'पर्यावरण वाचवा' ही होत नाही. कुणाच्या वावराचं नाव आलेखावर टाकू नका. अमक्याच्या शेतात कीड जास्त, तमक्याची विहीर आटली, असं भर सभेत आलं की पुढच्या वर्षी कुणी वावरात येऊ देत नाही. धुऱ्यावरच्या वनस्पतींची यादी मात्र गावच्या जैवविविधता समितीला द्या. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार लोक जैवविविधता नोंदवही ठेवणं तिचं काम आहे, आणि गुराख्याने सांगितलेली नावं त्यात जायलाच हवीत.

हे सगळं बहुतेक एका शिक्षकाच्या बदलीबरोबर बंद पडतं. म्हणून नोंदवहीच्या पहिल्या पानावर मापकाचा व्यास, विहिरीवरची खूण कुठल्या बाजूला आहे, डबा ठोकलेल्या चार जागा आणि जवळच्या झाडापासून त्यांचं पावलांत अंतर लिहून ठेवा. मार्चमध्ये आठवीची दोन मुलं सहावीच्या दोघांना प्रत्यक्ष माप घेऊन शिकवतील. दोघांचे आकडे एकाच दिवशी, एकाच जागी जुळेपर्यंत. वही, दोरी, डबा आणि सिरिंज एका पेटीत, आणि पेटी मुख्याध्यापकांच्या कपाटात हजेरीपटाशेजारी, साठा नोंदवहीत चढवून.